एका खेपेचं काम की रतीब?

आज जरा वेगळ्या कामाविषयी बोलायचं आहे. शेळ्या, शिवणकाम, पापड-मसाले या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. पण गेल्या काही वर्षांत आपल्या गटांमधल्या बायका आणखी एक काम करायला लागल्या आहेत. तालुक्याच्या गावी किराणा दुकानात, मॉलमध्ये जायचं आणि एखाद्या कंपनीचा माल फळीवर नीट मांडायचा. या कामाला मर्चंडायझिंग म्हणतात आणि ते करणारीला मर्चंडायझर. नाव मोठं असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे.

आधी काम काय ते सांगतो. साबण, तेल, बिस्किटं बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं दुकान नसतं. तिचा माल दुसऱ्याच्या दुकानात विकला जातो. तो मागच्या कोपऱ्यात धूळ खात पडला तर गिऱ्हाईकाला दिसणार कसा? म्हणून कंपनी एखाद्या एजन्सीला काम देते आणि एजन्सी आपल्यासारख्यांना फोनवर विचारते. आपण दुकानात जायचं, फळी पुसायची, मुदत आधी संपणारा माल पुढे आणि नवा माल मागे लावायचा, किमतीच्या पट्ट्या बरोबर आहेत का ते बघायचं, ऑफरचं पोस्टर लावायचं. मांडणीच्या आधी एक आणि नंतर एक असे फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचे. घरी आपण जुने गहू आधी दळायला काढतो आणि नवे मागे ठेवतो, तसंच हे. पैसे महिन्याच्या पगारासारखे मिळत नाहीत, दुकानामागे मिळतात.

आता आमच्या गटात काय घडलं ते ऐका. त्यात आमचीही चूक होती, म्हणून कुणाचं नाव न घेता सांगतो.

दिवाळीच्या आधी एका एजन्सीचा मेसेज आला. तालुक्याच्या गावातली चार दुकानं, दुकानामागे १२० रुपये. आम्हीच तो गटाच्या ग्रुपवर टाकला आणि आमच्या एका ताईला म्हटलं, "तू जा, एका दिवसाचं तर काम आहे." ताई गेल्या. सकाळी नऊच्या एसटीने निघाल्या आणि संध्याकाळी पाचला घरी आल्या. चार दुकानांचे ४८० रुपये होणार होते. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाऊन-येऊन ५० रुपये लागले. रिक्षाला ४० आणि चहा-नाश्त्याला ३० गेले. खर्च १२० रुपये, हातात राहणार ३६०. त्या दिवसांत आमच्याकडे खुरपणीला ३०० रुपये रोज होता. म्हणजे सौदा बरा होता.

पुढच्या महिन्यात ताईंच्या फोनवर तीच चार दुकानं पुन्हा दिसायला लागली. खाली लिहिलं होतं, "स्वीकारले". ताईंनी तर काहीच दाबलं नव्हतं. त्यांना वाटलं, मशीनची चूक असेल. कांद्याची लागण सुरू होती, रोज ४०० रुपयांवर गेला होता, म्हणून त्या गेल्या नाहीत. तारीख उलटली आणि एजन्सीने पहिल्या खेपेचे ४८० रुपयेही अडकवले. म्हणाले, काम तीन महिन्यांचं होतं, तुम्ही मध्येच सोडलंत.

त्याच पैशांवर ताईंचा गटातल्या कर्जाचा ५०० रुपयांचा हप्ता अवलंबून होता. हप्ता चुकला. आणि मैत्रिणींनो, हप्ता चुकल्यावर बाई काय करते ते तुम्हाला माहीत आहे. ती बैठकीला यायचं टाळते. ताई दोन बैठका आल्या नाहीत. आम्ही रजिस्टरवर गैरहजर लिहिलं आणि दंड लावला. का आल्या नाहीत, ते विचारायला तिसऱ्या आठवड्यात गेलो.

घरी बसून तो जुना मेसेज उघडला. सगळ्यात खाली, इंग्रजीत, एका ओळीत लिहिलेलं होतं की तीन फेऱ्या, महिन्याला एक. तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या आमच्यापैकी काही जणी बीए झालेल्या आहेत. आम्हीही खालपर्यंत वाचलं नव्हतं.

असं का होतं, ते समजून घेऊ. फळी एकदा लावली की महिनाभर तशी राहत नाही. गिऱ्हाईक उचलतं, पोरं हलवतात, दुकानदार दुसराच माल पुढे आणतो. त्यामुळे हे काम मुळातच पुन्हा पुन्हा करायचं असतं. कंपनी दुकानदाराकडून ठरावीक जागा काही महिन्यांसाठी घेते आणि तेवढ्या सगळ्या महिन्यांचे फोटो तिला हवे असतात. एजन्सी मात्र माणूस शोधताना पहिल्याच खेपेविषयी बोलते, कारण एका दिवसाला हो म्हणणारे लवकर मिळतात. कधी दुसरी कुणी काम सोडते आणि तिची उरलेली दुकानं जवळच्या बाईच्या नावावर टाकली जातात. दर वेळी यात फसवणूकच असते असं नाही. पण न विचारता आलेल्या कामाचा भार आपल्यावर पडतो, हे खरं.

आता आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. दुधाचा रतीब आपण कसा लावतो? एखाद्या दिवशी शेजारणीला पाहुण्यांसाठी लिटरभर दूध दिलं, तर भावाची घासाघीस करत नाही. पण तीच म्हणाली की उद्यापासून रोज घाला, तर लगेच चार गोष्टी ठरतात. भाव काय? कुठल्या वेळी? खाडा झाला तर काय? आणि रतीब बंद करायचा तर किती दिवस आधी सांगायचं? एक लिटर दूध दिलं म्हणजे वर्षभराचा रतीब लागला, असं कुणी म्हणत नाही. फळीच्या कामालाही हाच हिशेब लावायचा. एक खेप हे एक काम. तेच पुन्हा पुन्हा आलं, तर तो रतीब. त्याचं बोलणं नव्याने करायचं.

नव्याने का? कारण दर तोच राहतो, पण आपला दिवस तोच राहत नाही. ताईंचंच बघा. दिवाळीआधी त्या कामात खुरपणीपेक्षा ६० रुपये जास्त सुटत होते. कांद्याच्या लागणीत त्याच कामात ४० रुपये कमी पडणार होते. दुकानं तीच आणि पैसेही तेच, पण तोटा आपला. पेरणी, काढणी, पोरांच्या परीक्षा, सणवार हे एजन्सीच्या फोनला दिसत नाही. ते आपणच सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट, काम हळूहळू वाढतं. आमच्या दुसऱ्या एका मैत्रिणीला दर आठवड्याचं एक मोठं दुकान मिळालं. सुरुवातीला बारा वस्तू लावायच्या होत्या, तासाभरात मोकळी व्हायची. चार महिन्यांत वस्तू चाळीस झाल्या, गोदामातून खोकी आणणं आलं, दुकानदार दुसऱ्या कंपनीचाही माल हलवायला सांगू लागला. तीन तास जायचे आणि पैसे तेवढेच. ती भिडेखातर करत राहिली. एकदम वाढलं असतं तर ती बोलली असती. थोडं थोडं वाढलं म्हणून बोलली नाही.

मग आपण काय करायचं?

हो म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. एक, ही एकच खेप आहे की पुढेही आहेत, आणि किती? दोन, पहिल्या खेपेचे पैसे पुढच्या खेपांवर अडकणार आहेत का, आणि किती दिवसांत मिळतील? तीन, तारीख ठरलेली आहे की चार-पाच दिवसांत केव्हाही जाता येईल? चार, मला थांबायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं? फोनवर उत्तर मिळालं तरी नंतर एक मेसेज टाका, "आपलं असं असं बोलणं झालं." तोंडी बोलणं विसरलं जातं, लिहिलेलं राहतं.

न विचारता काम आलं, तर त्याच दिवशी कळवा. गप्प बसू नका. लग्नाच्या बैठकीत मौनाला होकार समजतात, पण कामात तसं चालू देऊ नये. १८७२ च्या करार कायद्यातही दोन्ही बाजूंची मोकळी संमती लागते. तरी आपण गप्प बसलो तर समोरचा आपल्याला धरून चालतो, आणि भांडण पैसे अडकल्यावर सुरू होतं. त्यामुळे लिहायचं, "हे काम मी स्वीकारलेलं नाही. पुढच्या खेपा करायच्या असतील तर दर आणि दिवस आधी बोलू." एवढ्या दोन ओळी पुरेत. आणि बोलणं होईपर्यंत नवी खेप सुरू करू नका. अर्धं केलं की ते होकारातच धरलं जातं.

वही ठेवा. तारीख, दुकान, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, किती वस्तू लावल्या, भाडं किती, फोटो गेला का, पैसे कधी आले. तीन खेपांची वही समोर असली की दर वाढवून मागताना आवाज कापत नाही. त्या दुसऱ्या मैत्रिणीने वहीच दाखवली. तेव्हा खोकी आणायचं काम दुकानाच्या पोरांकडे गेलं आणि दुसऱ्या कंपनीचा माल हलवणं थांबलं. दर मात्र वाढला नाही. तिने विचार करून काम चालू ठेवलं, कारण आता ते दीड तासात उरकतं.

आपल्याऐवजी परस्पर दुसरीला पाठवू नका. नोंद आणि पैसे एकीच्या नावावर असतात. जोडीदारीण ठेवायची असेल तर दोघींची नावं एजन्सीला आधीच द्या. आणि काम देण्याआधी कुणी अनामत किंवा नोंदणीचे पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा. काम आपण करणार, मग पैसे आपण का द्यायचे?

आणखी एक. अशा सुट्ट्या कामाला पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. पण आपली नोंद तरी असावी. असंघटित कामगारांसाठी २०२१ पासून ई-श्रम पोर्टल आहे. वय १६ ते ५९ मध्ये असेल तर आधार कार्डावर नोंदणी होते आणि बारा आकडी नंबर मिळतो. शेतमजुरी करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या मैत्रिणींनाही ती करता येते.

ताईंचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही पाच जणी बसलो आणि एजन्सीच्या सुपरवायझरला लिहिलं. पहिली खेप पूर्ण झाली आहे, फोटो मंजूर आहेत, तिचे पैसे द्या. उरलेल्या दोन खेपा हव्या असतील तर दर बोला. तीन आठवडे फोन करावे लागले. शेवटी ४८० रुपये आले. भाड्याचे वेगळे दिले नाहीत, पण दुकानामागे २० रुपये वाढवले. ५६० मधून १२० खर्च गेला की ४४० उरतात, लागणीच्या रोजापेक्षा ४० रुपये जास्त. ताईंनी दोन्ही खेपा केल्या. तिसरी नेमकी भोगीच्या दिवशी आली होती. त्यांनी आधी कळवलं आणि संक्रांत झाल्यावर गेल्या.

लावलेला दंड आम्ही माफ केला आणि गटात एक नियम केला. बाहेरचं कुठलंही काम ग्रुपवर टाकायच्या आधी बैठकीत ते खालच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचं. दहा मिनिटं लागतात. सध्या हे वाचन ताईच करतात. इंग्रजी अडलं तर आम्हाला विचारतात, आणि "किती खेपा?" हा प्रश्न सगळ्यांच्या आधी त्याच विचारतात.

तुमच्या गटात कुणी असं काम करत असेल, तर येत्या बैठकीत तिचा फोन घेऊन सगळ्या मिळून बघा. न विचारता लागलेला एखादा रतीब त्यात आहे का?