गोठा रिकामा करण्याआधी

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकायचे आणि तूप-हळद लावून चोळायचे. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत, जिथे अजून बैलजोडी आहे तिथे, हे काम बहुधा घरातले म्हातारेबाबाच करतात. त्यांचा हात वशिंडावरून मानेकडे, मानेवरून कपाळाकडे सावकाश फिरतो. मध्येच एखादी गोचीड बोटाला लागते, ती ते उपटून टाकतात. बैल मान पुढे करून, डोळे अर्धवट मिटून उभा असतो. सांधे आखडलेला माणूस हे काम तासभर करतो आणि कुणी 'बाबा, राहू द्या आता' म्हटलं तर त्याला ते आवडत नाही.

आपण याला सण म्हणतो आणि पुढे जातो. पण म्हातारपण सुखाचं कशाने होतं, या प्रश्नाचं एक उत्तर त्या गोठ्यात आहे असं मला ठामपणे वाटतं.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या माणसांचं प्रमाण 9.9 टक्के होतं. खान्देशातली तरुण मुलं पुण्याला, नाशिकला, सुरतेला कामाला गेली. नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि दावणी रिकाम्या झाल्या. मुलगा सुट्टीला येतो, वडिलांची कंबर धरलेली पाहतो आणि मायेनेच म्हणतो, 'खूप केलंत, आता आराम करा.' बैल विकले जातात, मग गाय. आजीची बकरीही शेजारी देऊन टाकतात. पहाटे उठायचं कारण जातं, दिवेलागणीला घरी परतायचं कारण जातं. दिवसभर बाजेवर बसून दाराकडे पाहणं उरतं. मग भूक मंदावते, झोप उडते, गुडघे जास्त दुखू लागतात. घरच्यांना वाटतं, वय झालं.

प्राण्यांचा आणि आयुष्याचा संबंध संशोधकांनी तपासला, त्याला बरीच वर्षं झाली. अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी 1980 साली हृदयविकाराच्या 92 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी प्राणी असलेल्या 53 जणांपैकी वर्षभरात 3 दगावले. प्राणी नसलेल्या 39 जणांपैकी 11. स्वीडनमध्ये तर सुमारे 34 लाख लोकांच्या नोंदी 12 वर्षं तपासल्या. 2017 साली आलेल्या निष्कर्षांत, एकट्या राहणाऱ्या माणसांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात मृत्यूचा धोका 33 टक्क्यांनी कमी दिसला. अर्थात मुळात धडधाकट माणूसच कुत्रा पाळतो, असंही असू शकतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2013 साली हा संबंध बहुधा असावा असं मान्य केलं, पण केवळ हृदयरोग टाळण्यासाठी प्राणी आणू नका, असंही बजावलं.

मला या आकड्यांपेक्षा न्यू यॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या छोट्या गावची हकीकत जास्त महत्त्वाची वाटते. तिथल्या चेस मेमोरियल या वृद्धाश्रमात 1991 साली बिल थॉमस नावाचे तरुण डॉक्टर आले. आश्रम स्वच्छ होता, औषधं वेळेवर मिळत होती, तरी माणसं कोमेजत होती. थॉमस यांनी दोन कुत्रे, चार मांजरी आणि शंभर पक्षी आणले. पक्षी आले तेव्हा पिंजरेसुद्धा जोडून झालेले नव्हते, सगळा गोंधळ उडाला. पण जी माणसं बोलत नव्हती ती बोलू लागली. जी खोलीबाहेर पडत नव्हती ती कुत्र्याला फिरवायला निघाली. पुढच्या दोन वर्षांत औषधांचा वापर शेजारच्या तशाच आश्रमाच्या तुलनेत निम्म्यावर आला.

यात लळ्याचा वाटा आहेच. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जवळीक वाढवणारं संप्रेरक वाढतं, हे जपानी संशोधकांनी 2015 साली दाखवलं. पण नुसता लळा असता तर कोरियातल्या प्रयोगाचा उलगडा झाला नसता. तिथे वृद्धांना पाळायला चक्क रातकिडे दिले होते. आठ आठवड्यांनी त्यांच्यातली उदासी थोडी कमी झालेली आढळली. रातकिडा काही मांडीवर येऊन बसत नाही. पण त्याला खायला घालावं लागतं, आणि ते आपल्याला घालायचं असतं. कुणाला तरी आपली गरज आहे, ही भावना काम करते.

आपल्याकडच्या आजीला हे कुणी शिकवायची गरज नाही. भाकरीचा शेवटचा तुकडा दारच्या कुत्र्यासाठी ती बाजूला ठेवते. बकरी घेऊन बांधाबांधाने जाते, बोरीचा पाला ओरबाडते, बाभळीच्या शेंगा ओच्यात गोळा करते. त्यात दोन-तीन किलोमीटर चालणं होतं, वाटेत चार बायका भेटतात, ऊन अंगावर येतं. बकरी आजारी पडली की गल्ली चौकशीला येते. आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी पोळ्यावर कविता रचली ती याच जगातून. गुरं तिथे घरातल्या माणसांत मोजली जात.

तरीही प्रत्येक वृद्धाच्या गळ्यात प्राणी बांधावा, असं मी म्हणणार नाही. 2005 सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात साठीतल्या प्राणी पाळणाऱ्यांमध्ये उदासी उलट जास्त दिसली होती. नको असताना लादलेलं पिल्लू ओझंच होतं. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या वर्षाला 86 हजारांहून अधिक असल्याचा अंदाज 2009 साली निघाला होता. म्हणून ज्यांचा तोल जातो त्यांनी दांडगा कुत्रा पाळू नये. शांत स्वभावाचा, मोठा झालेला कुत्रा किंवा मांजर बरी. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यायलाच हवी. चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद-चुन्यात वेळ घालवायचा नाही. दूध, मग ते बकरीचं का असेना, उकळूनच प्यायचं. आपल्याकडचा मे महिना मुक्या जिवांवर फार कठीण जातो, तेव्हा सावली आणि पाण्याची सोय आधी. पिंजऱ्यातला मिठू मात्र नको. आपल्याकडचा रानपोपट पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अंगणात पाण्याचं भांडं आणि मूठभर ज्वारी ठेवली तर पाखरं आपणहून येतात.

आणि प्राणी आपल्याआधी जातो, हे दुःख आहेच. त्या वेळी 'जनावरच होतं' असं म्हणून म्हाताऱ्या माणसाला गप्प करू नये.

दिवाळीला घरी जाल तेव्हा आई-वडिलांच्या गोठ्याकडे जरा नीट पहा. ओझं जड झालं असेल तर जोडी विका, पण एक गाय, एक बकरी राहू द्या. सरकीची ढेप आणि चारा आणून देण्याची, शेण काढण्याची सोय लावून द्या, गुरांच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्यांना जळगावच्या, धुळ्याच्या किंवा पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेणार असाल तर त्यांचं जनावर कुठे जाणार, हे त्यांना विचारूनच ठरवा.