खोती कायदा, १८८०

खोती कायदा, १८८० : रत्नागिरी जिल्ह्यातील खोत, कुळे व सरकार यांचे परस्परसंबंध ठरविण्यासाठी मुंबईच्या कायदेकौन्सिलने संमत केलेला कायदा. १८८० चा मुंबईचा पहिला अधिनियम तो हाच. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा (स्थापना १९८१) मोठा भाग समाविष्ट होता.

पार्श्वभूमी : खोत म्हणजे गावाच्या वसुलाची हमी घेणारा वंशपरंपरागत मध्यस्थ. ही पद्धती विजापूरच्या आदिलशाही अमदानीपासून कोकणात रूढ होती. ओसाड गावे लागवडीस आणण्याच्या कामी तिचा उपयोग झाला. खोत दरसाल कबुलायत लिहून देई आणि गावाचा ठरलेला जमा सरकारात भरी. कुळांकडून तो पिकाचा वाटा घेई. भातजमिनीवर सामान्यतः निम्मा म्हणजे अर्धेल व डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा म्हणजे तिर्धेल, अशी वहिवाट होती. उभ्या पिकाची अभावणी करून हा वाटा ठरविला जाई. त्याखेरीज कुळांना वेठही करावी लागे. सर्व शेतकऱ्यांची स्थिती मात्र सारखी नव्हती. धारेकरी केवळ सरकारी धारा भरीत. दुपटकरी, दिढपटकरी वगैरे कुळांचे देणे ठराविक प्रमाणात असे. उरलेली बहुसंख्य कुळे खोताच्या वाट्याने बांधलेली होती.

देशावरील रयतवारी मोजणीची पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नव्हती. खोती गावांच्या मोजणीसंबंधी कॅप्टन जॉर्ज विंगेट यांनी १८५१ मध्ये सरकारला अहवाल सादर केला. पुढे १८६५ च्या जमीनमोजणी कायद्याने खोताने कुळांकडून किती घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार मोजणी-अधिकाऱ्यांना मिळाला. खोतांनी त्यास हरकत घेतली. आपण सनदी वतनदार आहोत, सरकारचे वसुली नोकर नव्हे, असा त्यांचा दावा होता. उलट, गावचा वसूल करण्याच्या हक्कातून गावच्या प्रत्येक शेताची मालकी सिद्ध होत नाही, अशी सरकारी बाजू होती. दीर्घ काळ चाललेल्या या वादातून स्वतंत्र कायद्याची गरज निर्माण झाली.

कौन्सिलचे स्वरूप : १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टनुसार स्थापन झालेले हे कौन्सिल १८६२ पासून भरू लागले. गव्हर्नर, त्याचे कार्यकारी सभासद, ॲडव्होकेट जनरल आणि चार ते आठ जादा सभासद एवढीच त्याची रचना होती. जादा सभासदांपैकी निदान निम्मे बिनसरकारी असत. परंतु सर्वच गव्हर्नरने नेमलेले असत. प्रश्न विचारण्याचा वा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार त्यांना १८९२ पर्यंत नव्हता. मांडलेल्या विधेयकापुरतेच बोलता येई व कायद्यास गव्हर्नर-जनरलची संमती लागे. खोती कायद्याच्या सुमारास सर रिचर्ड टेंपल (कार. १८७७–८०) हे मुंबईचे गव्हर्नर होते.

या विधेयकास विरोध करणारे प्रमुख सभासद रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–८९) होत. दापोलीजवळील मुरूड हे त्यांचे जन्मग्राम. हिंदू धर्मशास्त्राचे अभ्यासक व उच्च न्यायालयातील नामांकित वकील म्हणून ते प्रसिद्ध होते. खोतांची बाजू त्यांनी कौन्सिलमध्ये मांडली. रयतेच्या हिताची भाषा सरकारी सभासदांनी केली. ज्याच्या जमिनीचा निकाल लागत होता, त्या कुणबी वा महार कुळाचा प्रतिनिधी मात्र तेथे नव्हता. चर्चेची इंग्रजी भाषाही त्याला अपरिचित होती.

तरतुदी : खोताचे वंशपरंपरागत स्थान कायद्याने मान्य केले. धारेकरी व दुपटकरी वगैरे निमधारेकरी यांचे हक्क वारसाने चालणारे व हस्तांतरणीय ठरले. १८४५-४६ या महसुली वर्षाच्या आरंभापासून जमीन सलग कसणाऱ्यास कायम कुळाचा दर्जा मिळाला. त्याचा हक्क वारसांकडे जाई. परंतु खोताच्या संमतीवाचून त्याला तो विकता येत नसे. अशा कुळाने जमीन सोडल्यास ती खोताकडे जाई. कुळांची व त्यांच्या देण्याची नोंद मोजणी-अधिकाऱ्याने करावयाची होती. या नोंदवहीस बोटखत म्हणत.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीपासूनची वहिवाट दाखविणे हा कुळाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा होता. गावचे दप्तर बहुधा खोताच्या घरी असे आणि कुळ निरक्षर असे. म्हणून बोटखतातील एका ओळीवर कुटुंबाचा जमिनीवरील हक्क अवलंबून राही. नोंद झाली त्याला खोताच्या मर्जीपासून संरक्षण मिळाले. ज्याची झाली नाही, तो खोताच्या इच्छेवर जमीन कसणारे साधे कुळच राहिला.

परिणाम : कायद्याने हक्कांना निश्चिती आणली, तरी खोती टिकून राहिली. विसाव्या शतकात तिच्याविरुद्ध असंतोष वाढला. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा दीर्घ संप झाला (१९३३–३९). डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. तथापि कुळांच्या बाजूने बोलणारा निर्वाचित सभासद आता विधिमंडळात होता, हा १८८० च्या तुलनेत मूलभूत फरक होय. अखेर १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने १५ मे १९५० पासून ही पद्धती संपुष्टात आली.