ऋण एका बुशाचे

बँकेची नोकरी म्हटली की बदली आलीच. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून माझी बदली हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या रिकांग पिओ येथे झाली. समोर किन्नर कैलासाची हिमाच्छादित शिखरे, खाली खोल दरीतून वाहणारी सतलज आणि डोंगर-उतारांवर सफरचंदांच्या बागा! निसर्ग असा मुक्तहस्त असला तरी कर्जदारांच्या बागांची पाहणी करायची तर रस्ते मात्र अतिशय कृपण. म्हणून मी एक जुनी जिप्सी विकत घेतली. १९८५ मध्ये भारतीय रस्त्यांवर आलेली ही गाडी आज नव्याने मिळत नाही. तथापि डोंगराळ भागात तिच्यावरील विश्वास अद्याप ढळलेला नाही.

पहिल्या वर्षी गाडीने उत्तम साथ दिली. दुसऱ्या वर्षी मात्र खड्ड्यातून जाताना खालून ‘ठक्-ठक्’ असा आवाज येऊ लागला. पुढे ब्रेक लावताच गाडी किंचित डावीकडे ओढली जाऊ लागली. एका सायंकाळी सांगला खोऱ्यातून परतत असताना डाव्या बाजूला दरी होती आणि गाडी नेमकी तिकडेच ओढ घेत होती. शेजारी बसलेली पत्नी एक शब्दही बोलली नाही. घरी पोहोचल्यावर तिने एवढेच म्हटले, “ही दुरुस्त होईपर्यंत मी हिच्यात बसणार नाही.”

अधिकृत सेवाकेंद्र दूर होते. गावातील जाणकारांनी खालच्या वळणावरच्या पत्र्याच्या शेडमधील ‘उस्तादजीं’चे नाव सुचवले. ते ऐकून मी क्षणभर थबकलो. दोनच महिन्यांपूर्वी या गृहस्थांनी हायड्रॉलिक प्रेस घेण्यासाठी कर्जाचा अर्ज केला होता आणि ‘हिशेब अपूर्ण’ असा शेरा मारून तो मीच परत पाठवला होता. शेरा नियमाला धरून होता. परंतु नेमके काय अपूर्ण आहे व ते कसे पूर्ण करावे, हे सांगण्याची तसदी मी घेतली नव्हती.

उस्तादजींनी मला ओळखले. तरीही चेहऱ्यावर काही न दाखवता ते पहार घेऊन गाडीखाली शिरले. पाट्याच्या टोकाशी पहार अडकवून त्यांनी जरा जोर देताच सांधा बोटभर हलला. “साहेब, खाली या, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा,” ते म्हणाले.

जिप्सीचे पुढचे व मागचे दोन्ही आस कमानी पाट्यांवर तोललेले असतात. चाक उंचवट्यावर चढले की पाटा दबून सरळ होतो आणि त्याची लांबी वाढते. या वाढीला वाव मिळावा म्हणून पाट्याचे एक टोक सांगाड्याला पक्के, तर दुसरे ‘शॅकल’ नावाच्या हलत्या दुव्याला जोडलेले असते. या सांध्यांमध्ये लोखंडावर लोखंड घासू नये, यासाठी जो रबरी तुकडा बसवतात, तोच बुश. तो झिजला की आधी आवाज येतो, मग आस जागेवरून सरकू लागतो, टायर वेडेवाकडे झिजतात. तरीही दुर्लक्ष केले तर बोल्टची भोके लांबट होऊन सांधाच निकामी होतो.

माझ्या गाडीचे बुश फुगून, मऊ पडून फाटले होते. “धुतल्यावर खालून डिझेलचा फवारा मारून घेता ना?” त्यांनी विचारले. गंज लागू नये म्हणून मी ते दर महिन्याला, मोठ्या दक्षतेने करवून घेत असे. “गंज थांबवायला गेलात आणि रबर गमावलंत. रबराला तेलाचं वैर असतं, साहेब.”

नवे बुश चंदीगडहून बसच्या पार्सलने यायला तीन दिवस लागले. पॉलियुरेथेनचे अधिक टिकाऊ बुशही मिळतात. परंतु ते कठीण असल्याने रस्त्याचे हादरे अधिक जाणवतात, म्हणून उस्तादजींनी रबरीच मागवले. रविवारी काम सुरू झाले. जॅकवर विसंबून गाडीखाली जायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. सांगाड्याखाली लोखंडी घोड्या लावून, चाकांना दगडांची अडण देऊन मगच ते खाली शिरले. गंजलेले नट रात्रभर तेलात भिजवूनही हटत नव्हते. एक बोल्ट तर करवतीने कापावा लागला. माझ्याकडे दिवा धरण्याचे व पाने पुढे करण्याचे काम होते.

शॅकलकडचे बुश दोन तुकड्यांचे, ते हातानेच बसले. पक्क्या टोकाचे मात्र पोलादी कवचाचे होते. ते प्रेसने दाबून बसवायचे असतात. परंतु प्रेस नव्हती. उस्तादजींनी साबणाच्या पाण्याचा हात लावून, शेगड्यात धरून, वितीवितीने नव्हे तर तिळातिळाने ते आत सरकवले. एकेका बुशाला अर्धा-पाऊण तास लागला. कपाळावरचा घाम पुसत ते सहज म्हणाले, “प्रेस असती तर पाच मिनिटांचं काम होतं.” त्या वाक्यात तक्रार नव्हती; म्हणूनच ते मला अधिक लागले.

सर्व बोल्ट त्यांनी आधी सैलच ठेवले. गाडी जमिनीवर उतरवून, तिचा भार चाकांवर आल्यावर त्यांनी अखेरचा पिळ दिला. गाडी अधांतरी असतानाच बोल्ट आवळले, तर जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो व ते लवकर फाटते, असे त्यांचे सांगणे. “आणि पाचशे किलोमीटर झाले की परत या. नट पुन्हा तपासायचे आहेत.”

त्यांनी मजुरी कमी सांगितली. मी ती घेतली नाही. बाजारभावाने पैसे दिले आणि पावती मागितली. पावतीपुस्तक नव्हते. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यांनी हिशेब लिहून दिला, तेव्हा त्यांचा अर्ज कुठे अडला होता, ते मला खऱ्या अर्थाने समजले. व्यवसाय भक्कम होता, नोंद नव्हती.

पाचशे किलोमीटर झाल्यावर मी गेलो, तो रोजकीर्दीची वही व पावतीपुस्तक घेऊनच. एका तासात आम्ही जमा-खर्चाची पाने आखली. रोख व्यवहार त्याच दिवशी कसे लिहावेत, क्यूआर कोडने आलेली रक्कम उलाढालीचा पुरावा कशी ठरते, हे त्यांना समजावले. एप्रिल २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांवरील व पाच लाखांपर्यंतच्या ‘किशोर’ कर्जाला तारण लागत नाही, हेही सांगितले. सहा महिन्यांनी त्यांनी पुन्हा अर्ज केला. माझा त्यांच्याशी झालेला व्यवहार मी शाखाप्रबंधकांना आधीच कळवला होता; त्यामुळे छाननी सहकारी अधिकाऱ्याने केली आणि कर्ज गुणवत्तेवर मंजूर झाले.

आज त्या शेडमध्ये प्रेस उभी आहे आणि तिच्यामागील खिळ्याला रोजकीर्दीची वही टांगलेली आहे. त्यांच्या संमतीने, नाव न घेता, हे लिहीत आहे. वाचकहो, आपल्या गाडीतून असा आवाज येत असल्यास दुर्लक्ष करू नका, आणि रबराला तेल लावू नका. माझ्या सहकारी बंधुभगिनींना मात्र एवढीच विनंती, की अर्ज परत करताना शेऱ्याखाली दोन ओळी अधिक लिहाव्यात. पत्नी आता पुन्हा त्या गाडीत बसते. दरी डावीकडे असली तरीही.