गंजाच्या मुठीतला स्टड

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. घरच्या पद्मिनी मात्र अजून कित्येकांनी जिवापाड जपल्या आहेत. त्यातली एखादी मीरा-भाईंदरला राहत असेल, तर तिला खाऱ्या हवेशी रोज झुंजावं लागतं. एकीकडे वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, आणि मध्ये मिठागरं.

पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं आणि त्यात बसवलेले स्टड पोलादाचे. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट. एक्झॉस्टजवळचे स्टड रोज तापतात, रोज निवतात. त्यात खारट ओल शिरली की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. आट्यांच्या फटीत तेवढी जागा असते कुठे? मग तो स्टडला चहूबाजूंनी आवळतो. कित्येक वर्षांनी कुणीतरी नट सोडवायला पाना लावतं, जोर देतं, आणि टक्! स्टड भोकाच्या तोंडाशीच तुटतो. धरायला वर काही उरत नाही.

इथून पुढचा भाग मला फार विलक्षण वाटतो. चांगला मिस्त्री तुटक्या स्टडवर एक नट ठेवतो आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग मारून दोन्ही एकजीव करतो. वेल्डिंगचं पोलाद ॲल्युमिनियमला जोडलं जात नाही, म्हणून स्टड थोडा आत तुटला असला तरी नेम धरता येतो. पण खरं काम नट करत नाही, उष्णता करते. 8 मिलिमीटरचा स्टड 600 अंशांनी तापला, तर तो मोकळा असताना साधारण 0.06 मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीइतका, फुगेल. भोवतीचं थंड भोक त्याला फुगू देत नाही. मधला गंज चिरडला जातो. निवताना स्टड आकसतो आणि गंजाची मूठ सैल होते. मिस्त्री त्याच वेळी नटाशेजारी मेणबत्ती टेकवतो. वितळलेलं मेण त्या सूक्ष्म फटीत आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. मग पान्याने थोडं पुढे, थोडं मागे. इतकी वर्षं जाम झालेला तुकडा फिरू लागतो.

दुसरी युक्ती उलट्या ड्रिलची. तुटलेल्या स्टडवर नटाचा ताण राहिलेला नसतो. त्याला धरून असतो तो फक्त गंज. म्हणून स्टड सुटण्याच्या दिशेने फिरणारं ड्रिल मधोमध चालवलं, तर कधी कधी भोक पाडता पाडता तुकडा स्वतःच वर येतो.

आणि तिसरी युक्ती आपल्या न्हाव्याकडच्या तुरटीची! घड्याळजी पितळी पट्टीत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात ठेवतात. ते पाणी आम्लधर्मी. लोखंड हळूहळू विरघळतं, बारीक बुडबुडे निघतात, पितळ तसंच राहतं. ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांवरही ही युक्ती वापरतात. बिडाच्या ब्लॉकवर मात्र नको, तुरटी तोही खाईल.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे स्टड काढायला घातलेलं कडक पोलादाचं एक्स्ट्रॅक्टर आतच तुटणं. त्यावर साधं ड्रिल चालत नाही. तिथे ठिणगी लागते. 1943 मध्ये सोव्हिएत रशियात बोरिस आणि नतालिया लाझारेन्को हे दांपत्य स्विचचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी का झिजतात ते शोधत होतं. तीच झीज त्यांनी हत्यार म्हणून वापरली. द्रवात बुडवलेल्या तारेतून किंवा नळीतून सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात, प्रत्येक ठिणगी धातूचा कण उडवते, आणि कितीही कडक तुकडा भुगा होऊन बाहेर पडतो. साचे बनवणारे कारखाने हीच यंत्रं वापरतात.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर स्टड तुटल्या तुटल्या हाती ड्रिल घेऊ नका. आधी आट्यांत तेल सोडून रात्रभर थांबा. आणि नवा स्टड बसवताना आट्यांना तांब्याचं ग्रीस लावायला मिस्त्रीला आवर्जून सांगा.