ध्वनिग्राहक पूर्वविवर्धकाचे दूरनियंत्रण

ध्वनिग्राहक पूर्वविवर्धकाचे दूरनियंत्रण : ध्वनिग्राहकाकडून म्हणजेच मायक्रोफोनकडून येणारा दुर्बळ विद्युत् संदेश पुढील संस्करणास योग्य अशा पातळीपर्यंत वाढविणाऱ्या मंडलाला पूर्वविवर्धक म्हणतात. हे मंडल रंगमंचाजवळ ठेवून त्याचे नियमन दूरच्या मिश्रण-फलकावरून, अंकीय ध्वनिजालामार्फत करण्याच्या पद्धतीला पूर्वविवर्धकाचे दूरनियंत्रण असे नाव आहे.

तत्त्व : गतिक प्रकारच्या ध्वनिग्राहकापासून १ पास्काल ध्वनिदाबाला (९४ डेसिबल) सु. २ मिलिव्होल्ट इतकाच विद्युत् दाब मिळतो. व्यावसायिक उपकरणांची प्रमाण पातळी मात्र १·२३ व्होल्ट आहे. ही तफावत भरून काढण्यासाठी विवर्धन लागते. ६० डेसिबल विवर्धन म्हणजे विद्युत् दाबात १,००० पट वाढ होय. दुर्बळ संदेश लांब तारेतून नेल्यास तीत विजेच्या व प्रकाशयोजनेच्या तारांमुळे गुणगुण शिरते व तीही संदेशाबरोबर वाढते. म्हणून विवर्धन व अंकीय रूपांतर उगमाजवळच करणे हितावह ठरते. रूपांतरानंतर संदेश सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या रूपात साध्या जालतारेतून किंवा प्रकाशीय तंतूतून जातो.

काटोलसारख्या तालुक्याच्या गावी मैदानावरील मांडवात खडी गंमत चालू आहे, असे समजू. डफाचा कडकडाट व गद्य संवादातील हळू शब्द यांच्या पातळ्यांत मोठे अंतर असते. पूर्वविवर्धक रंगमंचामागे आणि तंत्रज्ञ प्रेक्षकांच्या मागे असल्यास प्रत्येक फेरबदलासाठी धावणे शक्य नसते. दूरनियंत्रणाने ही अडचण दूर होते.

संरचना : ध्वनी वाहणारा मार्ग आणि आज्ञा वाहणारा मार्ग हे एकाच तारेत असले, तरी ते स्वतंत्र असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. फलकावर आवाज येतो, पण विवर्धनाची कळ फिरवूनही काही बदलत नाही, हा नेहमीचा दोष केवळ पहिलाच मार्ग जोडल्यामुळे उद्भवतो. मांडणीचा क्रम साधारणतः असा असतो : रंगमंचावरील प्रत्येक पेटीस वेगळा ओळखक्रमांक देणे, जालातील सर्व उपकरणांना एकाच कालमापकाशी जुळविणे, पेटीच्या वाहिन्या फलकाच्या वाहिन्यांशी जोडणे, ती पेटी नियंत्रणासाठी फलकावर नोंदविणे, आणि शेवटी एकेका ध्वनिग्राहकावर आवाज देऊन पडताळा घेणे.

२०१३ सालच्या एईएस६७ या मानकाने निरनिराळ्या पद्धतींच्या जालांत ध्वनीची देवाणघेवाण शक्य केली; पूर्वविवर्धकाचे नियंत्रण मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे एका उत्पादकाच्या पेटीतील ध्वनी दुसऱ्याच्या फलकावर आला, तरी तिचे विवर्धन तेथून बदलता येईलच असे नाही. उपकरणांच्या नियंत्रणासाठी एईएस७० हे स्वतंत्र मानक आहे.

सामायिक वापर : एकाच पूर्वविवर्धकाचा संदेश श्रोत्यांसाठी, कलावंतांसाठी व ध्वनिमुद्रणासाठी वेगवेगळ्या फलकांना देता येतो. अशा वेळी एकाने विवर्धन बदलले की सर्वांची पातळी बदलते. यावर उपाय म्हणून नियंत्रणाचा अधिकार एकाच फलकाकडे ठेवतात व भरपाईची योजना कार्यान्वित करतात. पूर्वविवर्धन ४० वरून ३४ डेसिबल केल्यास अंकीय भागात आपोआप ६ डेसिबल वाढ होते आणि इतरांकडे पोहोचणारी पातळी कायम राहते. तथापि रूपांतरकाची कमाल मर्यादा ओलांडल्याने छाटला गेलेला तरंग भरपाईने पूर्ववत होत नाही. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण कायमचे सदोष राहते. याउलट विवर्धन फार कमी ठेवल्यास पुढे अंकीय वाढ देताना पूर्वविवर्धकाचा व रूपांतरकाचा गोंगाटही वाढतो. म्हणून सरासरी पातळी कमाल मर्यादेच्या सु. १८ ते २० डेसिबल खाली ठेवण्याचा प्रघात आहे.

दक्षता : धारित्र-ध्वनिग्राहकांना लागणारा ४८ व्होल्ट विद्युत् पुरवठाही दुरून चालू-बंद करता येतो. तो वाहिनी मूक करूनच बदलावा, अन्यथा ध्वनिक्षेपकांत मोठा दणका बसतो. सदोष तारेतून हा पुरवठा फीत-ध्वनिग्राहकास मिळाल्यास त्याची नाजूक फीत निकामी होऊ शकते. नियंत्रण करणारा तंत्रज्ञ रंगमंचापासून दूर असल्याने प्रत्येक वाहिनीवर कोणता ध्वनिग्राहक जोडला आहे, याची लेखी नोंद फलकाजवळ ठेवणे आवश्यक असते.