धुराड्यातला कच्चा माल

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. कारखाना म्हटला की बॉयलर आला आणि धुराड्यातून कार्बन डायऑक्साइडही आला. हा वायू कच्चा माल म्हणूनही चालतो. युरिया अमोनिया आणि याच वायूपासून बनतो. ॲस्पिरिनसाठी लागणारे सॅलिसिलिक आम्लही त्याच्याच मदतीने तयार होते.

अडचण एवढीच की हा रेणू फार स्थिर असतो, सहजासहजी कशाशी जुळत नाही. प्रॉपिलीन ऑक्साइडशी मात्र योग्य उत्प्रेरक असेल तर त्याचे जुळते. दोन्ही रेणू पूर्ण वापरले जातात आणि प्रॉपिलीन कार्बोनेट मिळते. ते लिथियम बॅटरीत वापरतात. कार्बोनेट बनवण्याच्या जुन्या वाटेत फॉसजीन हा विषारी वायू लागे, म्हणून हा बदल मला मोलाचा वाटतो.

अशा अभिक्रियांत हरित, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक, द्रावक कामी येतात. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात त्या कोलीन क्लोराइडच्या एका रेणूमागे युरियाचे दोन रेणू, या प्रमाणात दोन्ही घ्या. दोन्ही पांढरे घन पदार्थ. युरिया एकटा १३३ अंशांना वितळतो. पण हे मिश्रण साध्या तापमानालाच पातळ असते, सहसा उडून जात नाही आणि प्रॉपिलीन कार्बोनेटच्या अभिक्रियेत उत्प्रेरक म्हणूनही वापरून पाहिले गेले आहे. माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, कार्बन डायऑक्साइडच्या अशा रूपांतरांवर संशोधन होत आले आहे.

या रूपांतरांनाही ऊर्जा लागते, आणि ती कोळशाची असेल तर वायू घटण्याऐवजी वाढेल. शिवाय अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे जाणाऱ्या वालधुनी नदीत मिसळणारे सांडपाणी यामुळे आपोआप थांबणार नाही. त्यासाठी प्रक्रिया केंद्रे नीट चालवावीच लागतील.