मुलाची मजुरी आणि प्राप्तिकर

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कामावर जाऊ लागला की, त्याच्या मजुरीवर सरकारास कर द्यावा लागतो काय, असे पालक विचारतात. प्राप्तिकर वयावर नसून मिळकतीवर आहे. अज्ञान मुलाच्या ठेवीचे व्याज आईबापांपैकी ज्याची मिळकत अधिक, त्याच्या मिळकतीत धरतात. परंतु स्वतःच्या श्रमाने मिळविलेली मजुरी मुलाचीच मानली जाते. सन २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या पद्धतीने ४ लाख आणि जुन्या पद्धतीने अडीच लाख रुपयांपर्यंतची वार्षिक मिळकत करमुक्त होती. तेव्हा दरमहा दहा हजार मिळविणाऱ्या मुलाच्या पगारातून प्राप्तिकराच्या नावाखाली पैसे कापले गेले असतील, तर पालकांनी सौम्यपणे परंतु निर्धाराने हिशेब मागावा. आणि जी मजुरी कायदा मुलाची मानतो, ती घरातही त्याचीच समजावी.